आले गं, आले

४ फेब्रुवारी

ही डायरी वन्संनी दिली. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते, पण इथे कोण बघतंय? प्रत्येक पानाच्या तळाशी आईपणाबद्दल एक गोग्गोड वाक्य छापलेलं आहे. आजच्या वाक्यात आई म्हणजे फूल आहे. या फुलाला कालपासून अंघोळ मिळालेली नाही आणि त्याच्या खांद्यावर दुधाची उलटी वाळली आहे.

नवऱ्याची रजा आज संपली. सकाळी दारात उभा राहून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "जाऊ ना?" मी म्हटलं, "जा की. तुझ्या कवळ्या खोळंबल्यात." तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. म्हणून लेकीला त्याने बोळकी करून टाकलं आहे. म्हणतो, दात नसूनही खूश असलेलं हे माझं एकमेव गिऱ्हाईक. तिला कागदोपत्री एक चांगलं नाव आहे, पण ते तिला अजून झबल्यासारखं ढगळ होतं.

दार लागलं आणि घर एकदम मोठं झालं. ती झोपलेली. मी तिच्याकडे बघत बसले आणि मनात आलं, आता घरात मोठं माणूस कोणी नाही.

९ फेब्रुवारी

जे कोणाला सांगता येत नाही ते लिहिते. सगळे म्हणाले होते, माया आपोआप येते. पान्हा आपोआप आला. माया आली नाही. आली ती भीती, आणि आली ती राहायलाच आली.

जिना उतरताना मला ती हातातून सुटलेली दिसते. सुरीने भाजी चिरताना दिसतं ते मी लिहिणार नाही. सगळ्या सुऱ्या मी फडताळाच्या वरच्या खणात टाकल्या आहेत. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, "धूळ बसते." सुऱ्यांना धूळ! पण त्याने मान हलवली, बिचाऱ्याने.

आणि तिचा श्वास. पोट हलताना दिसत नाही मला, दुपट्याच्या घड्याच दिसतात. म्हणून नवऱ्याच्या पेटीतला दात बघायचा आरसा घेतला आहे, तो लांब दांडीचा, बटणाएवढा गोल. तिच्या नाकाखाली धरला की धूसर होतो. धूसर झाला की मी पुढचं काम करते. मग पुन्हा धरते. संध्याकाळी तो म्हणाला, "माझा छोटा आरसा बघितलास का गं?" मी म्हटलं, "नाही बाई." तो माझ्या झग्याच्या खिशातच होता.

१२ फेब्रुवारी

आज जिन्यात खालचे काका भेटले. आमच्या बरोब्बर खालच्या घरात एकटे राहतात. कोर्टात टंकलेखक होते, आता फक्त पिशवी घेऊन फिरायला जातात. कानाला कमी ऐकू येतं. यंत्र आहे, पण ते खिशात ठेवतात. "कानात घातलं की शिट्टी वाजते," म्हणतात, "त्यापेक्षा बहिरेपण शांत."

ते दार ओढून घेत होते तेवढ्यात आतून बायकी आवाज आला, "चष्मा घेतलात का?" मी दचकले. काकू गेल्याला चार वर्षं होऊन गेली. मग आठवलं, पोपट! काकूंचा राखाडी पोपट. काकांना ऐकू गेलं नाही, पण माझा चेहरा बघून ओळखलं त्यांनी. हसून म्हणाले, "विचारलं ना चष्म्याचं? रोज विचारतो, म्हणून मी रोज घेतो. ती गेल्यापासून दुसरं काही बोलतच नाही तो. आधी काय, फोन वाजवायचा, कुकरची शिट्टी काढायचा. आता हे एकच. हल्ली मागे न्हाणीच्या खिडकीत टांगतो त्याला, ऊन लागतं जरा."

बोळकीकडे वाकून म्हणाले, "शांत आहे हो पोर! कधी रडण्याचा आवाज नाही." मी म्हटलं, "काका, यंत्र घाला एकदा." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी मी कोणाशी तरी थट्टेने बोलले. जिना उतरताना मात्र भिंतीला घासतच उतरले.

१७ फेब्रुवारी

अंघोळ करत होते. डोक्याला साबण. ती रडली. मी नेहमीप्रमाणे ओरडले, "आले गं, आले!" आणि तशीच पंचा गुंडाळून धावले. पाळण्यात ती गाढ झोपलेली. तोंड मिटलेलं, मुठी सैल. आरसा धरला, धूसर झाला. मी पुन्हा न्हाणीत गेले. पाणी ओतलं. पुन्हा रडणं. पुन्हा "आले गं" आणि पुन्हा ती झोपलेली.

हे "आले गं, आले" माझ्या तोंडात बसलं आहे. न्हाणीतून, ओट्यापाशी, कपडे वाळत घालताना, दिवसभर मी तेच ओरडत असते. त्यात प्रेम वगैरे काही नाही. दुकानात घंटी वाजली की आपण "आलो" म्हणतो, तसलंच.

डोळ्यात साबण गेला होता, म्हणून डोळे लाल झाले असं नवऱ्याला सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज ते रडणं एकदाही आलं नाही. नवरा घरी, मी अंघोळ केली, केस धुतले, मागच्या बाजूचं सगळं आवरलं. शांत. खालूनही काही हालचाल नव्हती, काका रविवारी पोपटाला घेऊन लेकीकडे जातात. कसं निवांत वाटलं!

मग लक्षात आलं, कालपर्यंत रोज आलं, आज मात्र नाही. सगळी भानगड आठवड्याच्या मधल्या दिवसांतली आहे. म्हणजे तो घरी असला की माझं डोकं ठिकाणावर असतं, आणि तो गेला की सुटतं. एवढं सरळ आहे.

२६ फेब्रुवारी

मी पियानो जुळवते. लग्नाच्या आधीपासून हेच काम करते. तार जरा उतरलेली असली तर लोकांना कळायच्या आधी मला कळतं. दुकानाचे मालक म्हणतात, हिचे कान विमा उतरवण्याच्या लायकीचे आहेत. तर या कानांनी आज मी त्या रडण्याची तपासणी केली.

न्हाणीच्या दाराशी स्टूल घेऊन बसले. हातात माझा स्वराचा काटा, तो दोन पायांचा लोखंडी चिमटा. गुडघ्यावर ठोकला की कायम एकच सूर देतो. बोळकी मांडीवर जागी होती, माझ्या बटणाकडे बघत. तोंड बंद. आणि रडणं आलं. मी काटा ठोकला. काट्याच्या जरासं वर सुरू होऊन तीन हेलकावे आणि शेवटी एक उचकी. थोड्या वेळाने पुन्हा. तोच सूर, तेच तीन हेलकावे, तीच उचकी.

खरी बोळकी कधीच एका सुरात दोनदा रडत नाही. भूक लागली की खालून सुरू करते, ओली झाली की मधूनच. एवढं तंतोतंत सारखं कोणतंही मूल रडत नाही. सारखं फक्त ध्वनिमुद्रण असतं. म्हणजे हे माझ्याच डोक्यात मुद्रित झालं आहे आणि तिथे फिरतं आहे. दुसरं काय असणार?

या कानांवर माझं पोट आहे. आणि आता हेच कान गेले.

२ मार्च

वन्संचा फोन. त्यांनी तीन मुलं वाढवली, शाळेत पोहायला शिकवतात, त्यांच्या आवाजात कायम एक शिट्टी असते. "दूध नीट पिते ना? ढेकर काढतेस ना? तू जेवतेस ना?" मी तिन्हीला हो म्हटलं. तिसऱ्याला खोटं.

मग त्या म्हणाल्या, "काही वाटलं तर सांग हं. मी येते आणि घेऊन जाते तिला चार दिवस. तुला जरा आराम." प्रेमानेच म्हणाल्या. मी "अहो ताई, काहीतरीच काय" म्हटलं. फोन ठेवल्यावर ते वाक्य घरातच राहिलं. दिवसभर मी त्याच्याभोवती फिरत होते.

५ मार्च

अक्षर येईल तसं येऊ दे.

मी ठरवलं होतं, आता रडण्यामागे धावायचं नाही. न्हाणीत असताना रडणं आलं की ते डोक्यातलं, असं मनाला बजावायचं. आज सकाळी कपडे धूत होते. आलं. मी मनात म्हटलं, चालू दे तुझं. नळ मोठा सोडला. थांबलं, पुन्हा आलं. मी गेले नाही. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटत होता, शहाणी झाले म्हणून.

कपडे पिळून बाहेर आले तर ती खरोखर रडत होती. घसा बसला होता तिचा. दुपटं पायांत गुरफटून वर सरकलं होतं, पार हनुवटीपर्यंत. तोंड लालभडक, आणि अश्रू, खरे अश्रू. तिला अजून अश्रू येत नव्हते. पहिले अश्रू आज आले आणि ते माझ्यामुळे.

उचलल्यावर ती लगेच गप्प झाली. मला त्याचंच जास्त लागलं. मला खरं आणि खोटं ओळखता येत नाही. दुपटं हनुवटीवर थांबलं, नाकापर्यंत गेलं असतं तर?

६ मार्च

आज ती झोपल्यावर न्हाणीत दार लावून बसले, नळ सोडला आणि रडले. मोठ्याने. आणि जे बोलले ते लिहून टाकते, म्हणजे ते माझ्याकडे तरी राहणार नाही. "नको मला हे. घेऊन जा हिला कोणीतरी. मला नाही जमत." दोनदा म्हटलं. मग उठून तोंड धुतलं.

संध्याकाळी वन्संना फोन केला. म्हटलं, "ताई, तुम्ही म्हणाला होतात ना, न्याल तिला म्हणून?" पलीकडे शिट्टी नव्हती. "चार दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जास्त. ती जरा मोठी होईपर्यंत." मग म्हणाल्या, "येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी येते. तू आधी त्याच्याशी बोल."

तिच्या भल्यासाठी आहे हे. वन्संकडे ती सुरक्षित राहील. हे लिहिताना ती मांडीवर आहे आणि तिने माझं बोट धरून ठेवलं आहे. ते सगळीच बाळं करतात म्हणे, हाताला लागेल ते धरतात.

८ मार्च, रविवार

त्याला सांगितलं. नाश्त्याला बसलो होतो. ठरवून नव्हे. तो म्हणाला, "सुरी कुठेय गं, लोणी लावायला?" आणि माझा बांध फुटला. सुऱ्या, जिना, आरसा, रडणं, दुपटं, वन्सं, सगळं एका दमात. तो चमचा हातात धरून बसला होता.

मला वाटलं, आता ओरडेल. किंवा मुलीला उचलून माझ्यापासून लांब नेईल. त्याने उठून बोळकीला पाळण्यातून काढलं आणि माझ्याच मांडीवर आणून ठेवलं. मग माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलीस. म्हणून बोलत नव्हतो." आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "आरसा तुझ्या खिशात आहे हे मला माहीत होतं. मला वाटलं, तू हिच्या हिरड्या बघतेस. मला बरं वाटलं होतं."

हसावं की रडावं कळेना. आम्ही दोन्ही केलं.

नेण्याबद्दल तो एवढंच म्हणाला, "आधी डॉक्टर. मग ठरव. तू ठरव." सुऱ्या खाली आणल्या नाहीत त्याने. म्हणाला, "राहू देत तिथेच. मी चमच्याने लोणी लावेन."

१० मार्च

डॉक्टरीणबाईंनी मला बोलू दिलं. मध्ये एकदाच थांबवलं, ते सुऱ्यांच्या वेळी. विचारलं, "हे करावंसं वाटतं, की होईल अशी भीती वाटते?" मी जवळजवळ ओरडले, "भीती वाटते!" आणखी काही प्रश्न विचारले, झोपेचे, जेवणाचे, माझ्या स्वतःच्या जिवाबद्दलचेही. मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट आई नाही. तुम्ही आजारी आहात, आणि हा आजार बरा होतो." इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, जशी काही मला खोकल्याची उबळ आली आहे. पुष्कळ जणींना होतं म्हणे. न रडणाऱ्या बाळाचं रडणं ऐकू येणंही पुष्कळ जणींना होतं, विशेषतः पाणी चालू असलं की.

दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या दिल्या. आठवड्यातून एकदा बोलायला जायचं. घरात झोपेची पाळी लावायची, म्हणजे सलग झोप मिळेल. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल, उतावीळ व्हायचं नाही. "रडणं ऐकू आलं की काय करायचं?" मी विचारलं. "उठून बघायचं," त्या म्हणाल्या. "खरं असो, खोटं असो, बघून यायचं. तुम्ही आजवर तेच तर करत होतात."

नेण्याबद्दल त्या म्हणाल्या, मदत जरूर घ्या, पण बाळ घराबाहेर पाठवायची गरज मला दिसत नाही. मला दिसते. एक चूक झाली आहे माझ्या हातून. दुसरी नको. शनिवारचं मी रद्द केलेलं नाही.

१३ मार्च

तिचे कपडे काढून ठेवले. झबली, टोपी, दुपटी. ते दुपटं ठेवलं नाही. एवढेसे कपडे आणि घडी घालायला संध्याकाळ गेली. एक झबलं नाकाला लावलं तर तिथून हललेच नाही. नवरा दारात उभा होता. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहा ठेवला.

मी नीट विचार केला आहे. तिला सोडून राहायचं या कल्पनेने मला जे होतं आहे, ती माया असेल असं नाही. सवयही असेल.

१४ मार्च, शनिवार

आज जे झालं ते पहिल्यापासून सांगते.

वन्सं सकाळी आल्या. हातात बाळाची टोपली, आणि चेहऱ्यावर नेहमीचा हुकूम नाही. बोळकीला घेतलं, वास घेतला, परत दिलं. नवरा अर्धा दिवस कामावर होता, तो आल्यावर निघायचं ठरलं. वन्सं म्हणाल्या, "प्रवासाने अंग चिकट झालंय, पटकन अंघोळ करते." मी बोळकीला घेऊन खुर्चीत बसले. ती जागी होती, अगदी गप्प, माझ्या बटणाकडे बघत. मी मनात म्हणत होते, बघ बाई, पोटभर बघून घे.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. आणि वन्संची शिट्टी आली, "अगं, ती रडतेय! ऐकू येत नाही का तुला? घे तिला!"

मी जागची हलले नाही. पुन्हा शिट्टी, "अगं, किती रडवशील पोरीला!" आणि दार उघडून वन्सं बाहेर, पंचात, डोक्यावर साबणाचा डोंगर. समोर मी, मांडीवर बोळकी, तिचं तोंड बंद. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मागून, न्हाणीतून, रडणं आलं. तीन हेलकावे आणि उचकी.

"तुम्हाला ऐकू आलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मला न यायला काय झालं?" वन्सं म्हणाल्या. "कोणाचं आहे हे?"

मी रडायलाच लागले. "ताई, तुम्हाला ऐकू आलं! तुम्हाला ऐकू आलं!" वन्संना वाटलं, मला वेड लागलं. मला तर माझं वेड गेल्यासारखं वाटत होतं.

न्हाणीत जाऊन आम्ही दोघींनी खिडकीला कान लावले. खालून येत होतं. इमारतीच्या मागे, ऊन पडलेल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत, खालच्या खिडकीत, पिंजरा. वन्संनी डोकंही धुतलं नाही, झगा चढवला आणि पुढे. मी बोळकीला घेऊन मागे. जिना उतरले. उतरून झाल्यावर लक्षात आलं की जिना उतरले.

काकांनी दार उघडलं. आम्हाला बघून, विशेषतः वन्संच्या डोक्यावरचा फेस बघून, त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. मी सांगितलं, पोपट रडतो. "छे हो," ते म्हणाले, "त्याला चष्म्यापलीकडे काही येत नाही." आणि पोपट रडला. बोळकीसारखा, पण एकाच सुरात, कारण त्याने एकच रडणं पाठ केलं होतं. माझ्या हातातल्या मूळ प्रतीने मान वळवून बघितलं.

काका मटकन खुर्चीत बसले. "चार वर्षांत," म्हणाले, "चार वर्षांत पहिल्यांदा नवीन काही शिकला. मी रोज मोठ्याने बातम्या लावतो, त्यातला एक शब्द उचलला नाही कधी."

मी हसणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. पोपटाने जर न्हाणीच्या खिडकीतून गेलेलं रडणं उचललं असेल, तर न्हाणीतलं बाकीचंही त्याच्या कानावर पडलं आहे. मागच्या शुक्रवारचं. नको मला हे, घेऊन जा हिला. वन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या. पोपटाने मान तिरकी केली, एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि चोच उघडली. मी बोळकीच्या कानावर हात ठेवला. खुळ्यासारखा, तिला काय कळणार आहे!

पोपट माझ्या आवाजात म्हणाला, "आले गं, आले!"

मग रडला. मग पुन्हा, "आले गं, आले! आले गं माझी बाय, आले!" पुन्हा रडला. पुन्हा, "आले!" एका श्वासात रडायचं आणि दुसऱ्या श्वासात यायचं. त्याच्या लेखी ते एकच होतं, रडणं आणि लगेच माझं येणं. मधे थांबणं त्याने ऐकलंच नव्हतं.

"माझी बाय" कधी म्हणत होते मी? मला आठवत नाही. पण आवाज माझा होता, त्यात चूक नाही, मला आवाजातलं कळतं. आणि दुकानातल्या घंटीला आपण तसं ओ देत नाही.

काका म्हणाले, "रोज ऐकलेलंच धरतो हो हा. एकदा-दोनदा ऐकलेलं नाही राहत त्याच्याजवळ."

फेस वन्संच्या भुवईवरून ओघळत होता आणि त्या पुसत नव्हत्या. जिना चढताना मधेच थांबून म्हणाल्या, "थोरला झाला तेव्हा मी त्याला पाळण्यात ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. कान झाकून. माझ्या न्हाणीखाली हा पोपट असता ना, तर काय बोलला असता देव जाणे." मग नेहमीच्या शिट्टीत, "चल, मला डोकं धुवायचंय."

नवरा आला तेव्हा टोपली रिकामी होती. त्यात वन्संनी स्वतःचे ओले टॉवेल टाकले होते.

"जाणार ना ती?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझी मुलगी कुठेही जाणार नाही." पहिल्यांदाच म्हटलं मी, माझी मुलगी.

सगळं ऐकून झाल्यावर तो खुर्चीत पडून हसला. म्हणाला, "लोकांचा पोपट होतो तो म्हणायला. तुझा खरोखरचा झाला."

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग बजावलं, "पोपट सापडला म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत." मलाही ते पटतं. सुऱ्या काही पोपटाने वर टाकल्या नव्हत्या. दुपट्याचंही बोलले त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, सैल पांघरूण पाळण्यात नकोच, कोणाच्याच. ते आईपणाचं नाही, माहितीचं आहे.

वन्सं मुक्काम ठोकून आहेत. दुपारी मला झोपायला पाठवतात, विचारत नाहीत. त्यांना माझ्याकडून मूल न्यायचं नव्हतंच, त्यांना बोलावणं हवं होतं. हे आधी कळलं असतं तर टोपलीचं ओझं वाचलं असतं.

११ एप्रिल

बऱ्याच दिवसांनी लिहिते. वाईट दिवस येतात अजून. परवा एक आला आणि मी दुपारभर तिच्या नाकाशी बसून होते. पण आरसा पेटीत परत गेला आहे, आणि एक सुरी खाली आली आहे. लोण्याची, बोथट. सुरुवात म्हणून ठीक आहे.

मंगळवारी पहिला पियानो जुळवला, शाळेच्या सभागृहातला. नवरा तिला घेऊन मागच्या बाकावर बसला होता. एक तार फार उतरली होती, ती चढवताना मी सवयीने डोळे मिटले आणि ऐकलं. कान आहेत जागेवर. मालकांना कळवलं, आठवड्यातून एक काम घेईन, सध्या एवढंच.

काका आता दुपारी यंत्र घालून बसतात. म्हणतात, बायको चष्म्याचं विचारते आणि मग वरची पोर रडते, घर भरल्यासारखं वाटतं. बोळकीला त्यांच्याकडे नेलं की ती पोपटाकडे बघून हसते, हिरड्या दाखवून. गिऱ्हाईक खरंच खूश आहे.

आज सकाळी अंघोळीला गेले. डोक्याला साबण, आणि खालून रडणं. मागोमाग खालूनच, "आले गं, आले!" म्हटलं, जा बाबा तूच, आणि निवांत डोक्यावर पाणी घेतलं. मग खोलीतून दुसरं रडणं आलं. खालच्या सुरातून सुरू झालं, मधेच चढलं, फाटलं, कुठल्याच काट्याला न जुळणारं. भूक लागली होती तिला.

साबण तसाच राहिला. दार उघडण्याआधीच मी ओरडले होते, आणि या वेळी माझं मला नीट ऐकू आलं, "आले गं माझी बाय, आले!"

पलीकडे ती क्षणभर थांबली, ऐकायला.